चण लहान, काळजी मोठी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुलीची उंची आपल्याकडे दोनदा मोजली जाते. एकदा लग्न ठरवताना आणि दुसऱ्यांदा तिला दिवस गेल्यावर, दवाखान्यातल्या भिंतीपाशी. पहिल्या वेळी उंची कमी भरली तर एखादं स्थळ हातचं जातं, एवढंच. दुसऱ्या वेळी कमी भरली तर कार्डावर ‘जोखमीची माता’ अशी लाल खूण होते आणि त्या खुणेचा अर्थ काय, हे गर्दीत सांगायचं राहून जातं. मग तो अर्थ घरची मंडळी लावतात. सासूबाई म्हणतात, ‘आमच्याकडची मुलं जन्मतःच थोराड हो!’ जाऊबाई म्हणतात, ‘एवढीशी तर आहेस तू, तुझं कुठलं नॉर्मल?’ आणि माहेरची आई रात्री फोनवर हळूच विचारते, ‘डॉक्टर जागेबद्दल काही बोलले का गं?’

जागा! या एका शब्दाने कित्येक बायकांची झोप उडालेली मी पाहिली आहे. चार फूट आठ इंचांची, चाळीस-बेचाळीस किलोंची मुलगी समोर बसते, गोळ्यांचं, तपासण्यांचं सगळं नीट ऐकून घेते, उठते, दारापर्यंत जाते आणि तिथून वळून खरा प्रश्न विचारते. ‘मॅडम, माझ्यात बाळ बाहेर यायला जागा आहे ना?’ आजचं बोलणं तिच्यासाठी, आणि तिच्या घरच्यांसाठीही.

आधी एक गफलत दूर करू. बारीक असणं आणि ठेंगणं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगकाठी सडपातळ आहे, कंबर बारीक आहे, बांगड्या लहान मापाच्या लागतात, यावरून बाळंतपण अवघड जाईल असं काहीही ठरत नाही. बारीक बाईची काळजी करायची ती तिच्या रक्ताची आणि आहाराची, हाडांची नव्हे. खुबे रुंद म्हणजे बाळंतपण सोपं, हाही असाच एक समज. बाहेरून दिसतो तो कमरेच्या हाडांचा वरचा पसरट भाग. बाळाची वाट असते त्याच्या खाली, हाडांच्या एका कड्यातून. नरसाळं डोळ्यांसमोर आणा. त्याचं वरचं तोंड किती पसरट आहे यावरून खालची नळी केवढी आहे ते कळत नाही. तसंच हे आहे.

आता ही वाट कशी असते ते थोडं सांगते, कारण ती कळली की अर्धी भीती जाते. सर्वसाधारण बाईत या कड्याचं वरचं तोंड आडवं जास्त रुंद असतं, सुमारे १३ सेंटिमीटर, आणि पुढून मागे ११ च्या आसपास. खालच्या तोंडाशी मात्र उलट असतं, तिथे पुढून मागे जास्त जागा असते. म्हणून बाळ सरळ रेषेत खाली येत नाही. ते आत शिरतं आडवं तोंड करून, मग खाली सरकता सरकता वळतं आणि बाहेर येताना बहुतेक वेळा आईच्या पाठीकडे तोंड करून येतं. चाळीच्या अरुंद जिन्यातून कपाट उतरवताना हमाल ते कसं तिरकं करतात, वळवतात, तसंच. फरक इतकाच, की हे कपाट स्वतःच वळतं आणि थोडं दबूनही घेतं. बाळाने हनुवटी छातीला टेकवली असेल तर डोक्याचं पुढे येणारं माप साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. तेच डोकं ताठ असलं तर माप साडेअकरापर्यंत जातं. बाळ तेच, आई तीच, पण डोकं वाकलं आहे की नाही यावर दोन सेंटिमीटरचा फरक. शिवाय बाळाच्या कवटीची हाडं एकमेकांना जुळलेली नसतात. ती कळांच्या दाबाखाली जराशी एकमेकांवर सरकतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं लांबट दिसतं ते यामुळेच. (आजी लगेच तेल लावून ते गोल करायला बसतात. त्याची काही गरज नसते, काही दिवसांत ते आपोआप गोल होतं.) आईकडेही तयारी असतेच. गरोदरपणातल्या अंतःस्रावांमुळे या कड्याचे सांधे सैलावलेले असतात. नवव्या महिन्यात चालताना पुढच्या हाडात दुखतं म्हणून तुम्ही तक्रार करता, ते दुखणं याच सैलावण्याचं असतं.

आम्हाला शिकताना तीन गोष्टी पाठ करून घेतात. वाट, वाटसरू आणि जोर. वाट म्हणजे हे हाडांचं कडं, वाटसरू म्हणजे बाळ आणि जोर म्हणजे कळा. बाळंतपण या तिघांच्या जुळण्यावर ठरतं. उंची सांगते ती फक्त पहिल्या गोष्टीबद्दल, आणि तेही अर्धवट.

ती आधीच मोजून ठेवण्याचे प्रयत्न कमी झालेले नाहीत. बोटांनी आतून मापं घेतली गेली. विसाव्या शतकात क्ष-किरणांनी फोटो काढून कड्याची मापं काढायची पद्धत कित्येक वर्षं चालली. इंग्लंडमधल्या दवाखान्यांत गरोदर बाईला चपलेचा नंबर विचारत, पाऊल लहान तर जागा लहान अशा हिशेबाने. पुढे हे सगळं तपासून पाहिलं गेलं, तेव्हा चपलेच्या नंबराचा काही उपयोग नाही असं दिसलं. क्ष-किरणांनी मापं घेतलेल्या बायकांची सिझेरियन तेवढी जास्त झाली, बाळांचं त्यातून काही जास्त भलं झालं असं आढळलं नाही. कारण सरळ आहे. फोटोत वाट दिसते. डोकं किती वाकेल, हाडं किती सरकतील, सांधे किती सैलावतील आणि कळा किती जोराच्या येतील, हे फोटोत दिसत नाही.

मग उंची मोजतातच कशाला? तर त्यालाही कारण आहे, आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. आपल्याकडे १४५ सेंटिमीटर म्हणजे सुमारे चार फूट नऊ इंच, काही ठिकाणी १४० सेंटिमीटर, यापेक्षा कमी उंची असली की ती बाई जोखमीच्या यादीत घ्यायची पद्धत आहे. हजारो बाळंतपणांचा हिशेब मांडला तर ठेंगण्या बायकांमध्ये बाळंतपण अडण्याचं आणि सिझेरियनचं प्रमाण जास्त दिसतं, हे खरं आहे. पण जास्त म्हणजे सगळ्यांचं नव्हे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या दर दहातली साधारण एक बाई १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीची भरली होती. एवढ्या मोठ्या संख्येने असलेल्या या बायकांनीही मुलं जन्माला घातलीच आहेत, आणि बहुतेकींनी आपल्या आपणच.

ठेंगणेपणातही दोन प्रकार असतात. एक घराण्यातला. आई ठेंगणी, मावशी ठेंगणी, आजी ठेंगणी, आणि सगळ्यांची बाळंतपणं घरच्या घरी झालेली. अशा बाईचं सगळंच त्या मापात असतं, आणि बहुधा बाळही. दुसरा प्रकार लहानपणच्या उपासमारीचा आणि आजारपणाचा. वाढीच्या वयात पोटाला मिळालं नाही, हाडांना ऊन मिळालं नाही, तर उंची खुंटते आणि त्याबरोबर हे कडंही नीट घडत नाही. मुडदूस झालेल्या मुलींची कडी पुढे चपटी राहत. युरोपातल्या धुराड्यांच्या शहरांत एके काळी अडलेल्या बाळंतपणांचं हे मोठं कारण होतं. आपल्याकडचं उदाहरण काश्मीरचं आहे. तिथे काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली पडदा पद्धती आणि मातृत्व यांवर पुस्तक लिहिलं. उन्हात नावा चालवणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायका सहज बाळंत होतात आणि शहरात पडद्याआड वाढलेल्या बायकांची हाडं ऊन न मिळाल्याने मऊ पडून त्या अडतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. दोघींच्या बांध्यापेक्षा दोघींच्या बालपणाचा फरक मोठा होता.

आज मुडदूस पूर्वीइतका दिसत नाही, पण लवकर लग्नं अजून होतात. मुलीची उंची वाढायची थांबली तरी हे कडं त्यानंतरही काही वर्षं रुंदावत असतं. सोळाव्या-सतराव्या वर्षी दिवस राहिलेल्या मुलीची ‘जागा’ कमी वाटते, त्यात तिच्या चणीपेक्षा तिच्या वयाचा दोष जास्त असतो. म्हणून आम्ही उंचीबरोबर इतरही चौकशी करतो. लहानपणी पोलिओ झाला होता का, चालताना लंगडता का, पाठीला बाक आहे का, कमरेचं किंवा मांडीचं हाड कधी मोडलं होतं का? हे प्रश्न उंचीपेक्षाही महत्त्वाचे आहेत. ते कोणी विचारले नाहीत तर आपण होऊन सांगा.

आता नवऱ्याच्या उंचीकडे वळू. ‘अहो डॉक्टर, जावई सहा फुटी आहेत, बाळ त्यांच्यावर गेलं तर?’ हा प्रश्न मला मुलीपेक्षा मुलीच्या आयांनी जास्त वेळा विचारला आहे. याचं उत्तर १९३८ साली केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड या दोन शास्त्रज्ञांनी घोड्यांवर शोधलं. शायर म्हणजे अजस्र ओझ्याचा घोडा आणि शेटलंड म्हणजे मुलांना बसवतात तसलं बुटकं तट्टू. त्यांनी दोघांचा संकर दोन्ही बाजूंनी केला. घोडी शायर आणि नर शेटलंड असताना शिंगरू मोठं जन्मलं. घोडी शेटलंड आणि नर अजस्र शायर असताना मात्र शिंगरू जन्मलं ते तट्टाच्या शिंगराएवढंच. बाप केवढा आहे यापेक्षा आईच्या पोटात किती मावतं यावर जन्माचं माप जास्त ठरलं. माणूस म्हणजे घोडा नव्हे आणि बापाचा वाटा शून्य असतो असंही नाही, पण जन्माच्या वेळच्या वजनात आईच्या चणीचा लगाम मोठा असतो, एवढं माणसातही दिसतं. बाळ बापावर जातं ते बहुधा नंतर, दूध-भाकरी खाऊन.

याहून अलीकडची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१५ साली बार्बारा फिशर आणि फिलिप मिटेरोकर या संशोधकांनी स्त्रियांच्या कड्याचा आकार, उंची आणि डोक्याचा घेर यांचा ताळा मांडला. त्यात असं दिसलं, की ठेंगण्या बायकांमध्ये कड्याचं वरचं तोंड अधिक गोलसर असतं, म्हणजे बाळाच्या डोक्याला सोयीचं. ज्यांचं स्वतःचं डोकं मोठं, त्यांच्या कड्याची ठेवणही मोठ्या डोक्याला वाट देईल अशी असते. आणि मोठ्या डोक्याच्या आईचं बाळही बहुधा मोठ्या डोक्याचं. निसर्गाने हिशेब अगदीच वाऱ्यावर सोडलेला नाही.

नवऱ्याच्या उंचीपेक्षा काळजी करण्यासारखी गोष्ट म्हणजे साखर. गरोदरपणात मधुमेह होऊन तो लक्षात आला नाही, तर बाळ आईच्या चणीचा लगाम झुगारून वाढतं, आणि त्याचे खांदेही रुंद होतात. म्हणून ग्लुकोजचं पाणी पाजून करायची ती तपासणी चणीने लहान असणाऱ्या बाईने चुकवू नये. पहिल्या भेटीत एकदा आणि सहाव्या-सातव्या महिन्यात पुन्हा. ‘माझ्या घरात कोणाला शुगर नाही’ हे कारण चालणार नाही.

याच्या उलट टोकाची चूक खेड्यापाड्यांत दिसते आणि शिकलेल्या घरांतही दिसते. कमी खा, म्हणजे बाळ लहान राहील आणि सुटका सोपी होईल. ही कल्पना फक्त आपल्या आज्यांची नव्हे बरं का! १८८९ साली प्रोखोवनिक नावाच्या जर्मन डॉक्टरनेही अरुंद कड्याच्या बायकांना नेमका असाच कमी आहार सुचवला होता. पण यात एक मोठी गोम आहे. आई उपाशी राहिली की बाळ आधी अंगाने सुकतं, पोटाने सुकतं. मेंदू वाचवायचा म्हणून डोक्याची वाढ शेवटपर्यंत राखली जाते. म्हणजे वाटेत अडायचं ते डोकं फारसं लहान होत नाही, आणि हाती येतं अशक्त बाळ. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत नव्वदीच्या दशकात गरोदर बायकांच्या आहाराचा मोठा अभ्यास झाला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २ किलो ६६० ग्रॅमच्या आसपास होतं. म्हणजे आपली बाळं मुळातच लहान आहेत. ज्या बायकांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त होतं, त्यांची बाळं जास्त भरलेली होती. त्या भरलेपणाला घाबरू नका. पोटभर जेवा, लोहाच्या गोळ्या नेमाने घ्या. अंगात रक्त चांगलं असणं हे बाळंतपण कसंही झालं तरी उपयोगी पडतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. जागा पुरेल की नाही, हे खात्रीने कळतं ते कळा सुरू झाल्यावरच. बाळ पायाळू नसेल, डोकं खाली असेल, कड्यात उघड व्यंग नसेल, वार खाली आलेली नसेल, तर ठेंगण्या बाईलाही कळांची पुरती संधी द्यायची, ही आमच्या शास्त्राची रीत आहे. सातव्या महिन्यात सोनोग्राफी पाहून ‘हिचं सिझरच’ असं कोणी म्हणालं, तर ‘का?’ असं विचारायला हरकत नाही. सोनोग्राफीतलं वजन हा अंदाज असतो. तीन किलो सांगितलेलं बाळ प्रत्यक्षात २ किलो ६०० ग्रॅमचंही निघतं आणि ३ किलो ४०० ग्रॅमचंही. ‘डोकं खाली फिक्स झालं नाही’ यानेही इतक्यात हातपाय गाळू नका. कित्येकींचं डोकं कळा लागल्यावरच खाली येतं.

या परीक्षेत लक्ष कसं ठेवायचं, याची मोठी शिकवण आफ्रिकेतून आली. तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेमध्ये, फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी १९७२ साली एक तक्ता प्रसिद्ध केला. पहिलटकरणी लांबच्या केंद्रात, सोबत एखादी नर्स, डॉक्टर कित्येक मैलांवर. त्या नर्सला कळावं कसं की आता हिला हलवायला हवं? त्यांनी कागदावर दोन तिरक्या रेषा ओढल्या. पिशवीचं तोंड किती उघडलं आणि डोकं किती खाली आलं, याच्या खुणा दर थोड्या तासांनी करायच्या. खुणा पहिल्या रेषेच्या पलीकडे गेल्या की गाडी बोलवा. दुसरी रेषा चार तास पुढची, तिथपर्यंत बाई मोठ्या दवाखान्यात पोचलेली असली पाहिजे आणि तिच्याबद्दल काही निर्णय झालेला असला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंडमध्ये ३५ हजारांवर बायकांमध्ये हा तक्ता वापरून पाहिला. १९९४ साली त्याचे निष्कर्ष आले. लांबलेली बाळंतपणं कमी झाली होती. पुढे २०१८ मध्ये त्याच संघटनेने सांगितलं, की तोंड दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा आग्रह सगळ्यांना लागू करू नका. पाच सेंटिमीटरपर्यंत तर सावकाशीच असते. आई आणि बाळ ठीक असतील तर नुसत्या सावकाशीसाठी ऑपरेशन करायचं नाही. २०२० साली त्याप्रमाणे नवा तक्ताही आला.

पण सावकाश आणि अडलेलं यांत फरक आहे. मराठीत ‘बाई अडली’ असं म्हणतात. दुसऱ्या कुठल्या शब्दात एवढी धास्ती नसेल. कळा जोराच्या आहेत, तास जाताहेत आणि डोकं जागचं हलत नाही. बाळाच्या डोक्यावर सूज चढते, हाडं एकमेकांवर घट्ट बसतात, ठोके बिघडू लागतात, लघवीत रक्त उतरतं. अशा वेळी ‘अजून थोडी वाट बघू’ म्हणणं जिवावर बेततं. पिशवी फाटू शकते. बाळ जातं. आणि वाचलेल्या बाईच्या मूत्राशयाला भोक पडून लघवी कायमची गळत राहते, त्या वासापायी ती घरातूनही उठते. हे जुन्या काळातलं आहे असं समजू नका, जिथे वेळेवर ऑपरेशन मिळत नाही तिथे आजही हे घडतं. त्या क्षणी सिझेरियनसारखा दुसरा तारणहार नाही.

म्हणून त्या लाल खुणेचा अर्थ असा, की बाळंतपण कुठे होणार ते आत्ताच ठरवा. कसं होणार, हे ती खूण सांगत नाही.

आणि नेमका इथेच आपल्याकडे घोळ होतो. पहिलं बाळंतपण माहेरी! सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी आईकडे जाते. प्रथा फार चांगली आहे, आईच्या हातचं खायला मिळतं, विश्रांती मिळते. पण माहेर वाडीवर असेल, जवळच्या केंद्रात नर्स आहे पण ऑपरेशनची सोय तीस-चाळीस किलोमीटरवर, तर चार फूट सात इंचांच्या मुलीने तिथे नववा महिना काढावा का? माहेरी जा, पण जाताना त्या गावातून कुठल्या दवाखान्यात जायचं ते ठरवून जा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गत आणखी वेगळी. कार्ड गावाकडे राहतं आणि कळा कारखान्याच्या तळावर सुरू होतात. ते कार्ड कपड्यांच्या बोचक्यात पहिलं घाला, एवढं मी मुकादमांनाही सांगत असते.

दवाखाना निवडताना फरशी गुळगुळीत आहे का, खोलीत एसी आहे का, हे नंतर बघा. आधी विचारा, रात्री दोन वाजता इथे ऑपरेशन होऊ शकतं का? भूल देणारे डॉक्टर कुठून येतात आणि यायला त्यांना किती वेळ लागतो? रक्त लागलं तर ते कुठून आणायचं? आणि कळा चालू असताना माझ्याजवळ कोण बसणार? गाडीचं एखाद्या शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा, १०२ आणि १०८ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

खासगी दवाखान्यांवर सगळं खापर फोडणं मला पटत नाही, पण आकडे डोळ्यांआड करता येत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली होती. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. एकटा डॉक्टर, रात्रीला शिकलेली नर्स नाही, नातेवाईक दारात आवाज चढवून उभे. अशा ठिकाणी बारा तास वाट बघण्यापेक्षा सिझर सोयीचं वाटतं, आणि ठेंगणी बाई असली की कारणही आयतंच मिळतं. मुहूर्त काढून येणारे सासरे आहेतच. उलट एखादी मुलगी मनापासून म्हणते, ‘मॅडम, मला भीती वाटते, मला ऑपरेशनच हवं.’ तिला हसू नये. तिची भीती ऐकून घ्यावी, दोन्ही वाटांचे फायदे-तोटे सांगावेत. कळा सोसल्या नाहीत तर ती आई कसली, असलं बोलणाऱ्यांना माझ्या दवाखान्यात मी बाहेर बसवते.

हाडांइतकीच एक भीती बायका बोलून दाखवत नाहीत. ‘मी आतून फाटेन का?’ त्याचा उंचीशी विशेष संबंध नाही. तो भाग स्नायूंचा आणि ताणणाऱ्या कातडीचा आहे. पहिल्या खेपेला थोडं फाटणं, दोन-चार टाके पडणं हे उंच बाईलाही होतं. डोकं बाहेर येताना घाई न करता, सांगतील तेव्हा जोर थांबवून फू-फू श्वास सोडला आणि त्या वेळी गरम पाण्याच्या घडीने शेकलं, तर मोठी इजा कमी होते.

कळांच्या वेळी पलंगावर उताणं पडून राहू नका. चाला, भिंतीला धरून कंबर हलवा, कुशीवर वळा. उकिडवं बसल्याने कड्याचं खालचं तोंड थोडं रुंदावतं. आपल्या पणज्या आढ्याला बांधलेली दोरी धरून उकिडव्या बसत, ते उगीच नव्हे. मधूनमधून पाणी प्या. आणि सोबत हवी. आई, बहीण, नवरा, कोणीही जिच्या-ज्याच्या हाताने धीर येतो असं माणूस. सलग सोबत असलेल्या बायकांची सिझेरियन कमी होतात, हे अनेक देशांतल्या पाहण्यांतून दिसलं आहे. २०१६ पासून आपल्या सरकारी दवाखान्यांतही सोबतीण ठेवायला केंद्राची मान्यता आहे. विचारलंत तर मिळेल.

शेवटी, ज्यांचं पहिलं सिझर ‘जागा कमी’ म्हणून झालं आहे त्यांच्याबद्दल. हा शिक्का जन्मभराचा आहे असं धरून चालू नका. त्या वेळी कदाचित डोकं वाकलं नव्हतं, बाळ वर तोंड करून होतं, किंवा कळाच पुरत्या आल्या नव्हत्या. अशा कितीतरी जणींना दुसऱ्या खेपेला, कधीकधी पहिल्यापेक्षा मोठं बाळ, नैसर्गिकरीत्या झालेलं आहे. मात्र त्यासाठी टाका कुठला घेतला होता, तोंड किती उघडलं होतं, डोकं कुठवर आलं होतं, हे पुढच्या डॉक्टरला कळायला हवं. दोन बाळंतपणांत पुरेसं अंतरही हवं. तेव्हा घरी सोडताना मिळणारा कागद नीट वाचून घ्या, त्यावर नुसतं ‘सिझेरियन’ लिहिलं असेल तर ‘का झालं ते लिहून द्या’ म्हणून सांगा, आणि तो बाळाच्या लसीच्या कार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.